आठातले सहा

आमच्या घरी कॉम्प्युटर एक आणि त्यावर हक्क सांगणारे तिघे. थोरली बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिचे प्रोजेक्ट असतात. मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिते, महिनाअखेरीस राहिलेलं काम घरी आणते. आणि तिसरा धाकटा, वय वर्षं तेरा, त्याचा गेम. मुलांचे अब्बा कुवेतला असतात. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा त्यांनी पैसे पाठवले आणि मी चिपळुणातल्या एका दुकानातून हा जुना कॉम्प्युटर घेतला. ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणारी. तेव्हा यातला एकही शब्द मला कळत नव्हता. दुकानदार म्हणाला, ‘मुलांच्या अभ्यासाला भरपूर झालं,’ आणि मी मान डोलावली.

या पावसाळ्यात त्याने त्रास द्यायला सुरुवात केली. बंद पडला असता तर बरं, निदान दुरुस्तीला तरी टाकला असता. हा गोठायचा. गेम सुरू करून वीस-पंचवीस मिनिटं झाली की माउसचा बाण उड्या मारत हलू लागायचा, डब्याच्या पुढचा लाल दिवा, जो एरवी लुकलुकतो, तो एकसारखा जळत राहायचा आणि आतून कुरकुर ऐकू यायची. गेम बंद केला तरी पुढची दहा मिनिटं काही सुचू द्यायचा नाही.

एका संध्याकाळी थोरली प्रोजेक्ट लिहिता लिहिता मगरिबच्या नमाजला उठली. तेवढ्यात ‘दोनच मिनिटं, आपा’ म्हणत धाकट्याने तिची फाइल तशीच मागे उघडी ठेवून गेम लावला. ती परत आली तेव्हा पडदा गोठलेला. शेवटी बटण दाबून मशीन बंद करावं लागलं. तिची चार पानं गेली. ती रडायला लागली, हा ‘मी काही नाही केलं’ म्हणून ओरडायला लागला, आणि मी, दिवसभर पतसंस्थेत लोकांचे आवाज ऐकून आलेली, दोघांच्या वर आवाज चढवून म्हणाले, ‘आज रात्री हा गेम या घरातून जाणार.’

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, ‘ताई, गेममुळेच होतंय ते. गेमचं सगळं फोल्डरच उडवा. नाहीतर रॅम वाढवा, ग्राफिक कार्ड टाका. खरं सांगू, नवीनच घ्या.’ मुलांच्या अब्बांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, ‘पाठवतो पैसे. पुढच्या महिन्यात ओव्हरटाइम आहे.’ कुवेतच्या उन्हाळ्यातला ओव्हरटाइम म्हणजे काय, हे ज्यांच्या घरातलं कुणी तिकडे आहे त्यांना सांगायला नको. मी म्हटलं, थांबा जरा, बघते.

इशानंतर मी कॉम्प्युटरपुढे बसले आणि धाकट्याला म्हणाले, ‘दाखव कुठंय ते फोल्डर.’ तो दाखवेना. रागावून उभा राहील असं वाटलं होतं, तसंही नाही. हळूच म्हणाला, ‘अम्मी, घर जाईल.’

‘कुठलं घर?’

मग त्याने गेम लावला. माइनक्राफ्ट. नाव ऐकून होते. ठोकळ्यांचा गेम, एवढंच माहीत. पडद्यावर चौकोनी डोंगर आले, चौकोनी झाडं आली, आणि मग नदीच्या काठाला एक कौलारू घर आलं. जांभ्या दगडाच्या रंगाच्या भिंती. पुढे पडवी, पडवीला लाकडी खांब. उजव्या हाताला विहीर, मागे फणस. ते आमचं घर होतं. माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं, ज्यात मी लग्न होऊन आले ते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा ते दोन दिवस चिखलपाण्यात होतं, मागची भिंत बसली आणि पुढे ते पाडावंच लागलं. तेव्हापासून आम्ही भाड्याच्या ब्लॉकमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. सासूबाई आमच्याजवळच असतात. पूर आला तेव्हा हा पोरगा प्राथमिक शाळेत होता. त्याला पडवीचे खांब किती होते हे आठवत असेल असं माझ्या मनातही नव्हतं. पाच होते. त्याने पाचच लावले होते.

फोल्डर मी त्या रात्री उडवलं नाही, हे सांगायला नकोच. पण मशीनचं काय करायचं हा प्रश्न तसाच होता.

माझा धाकटा भाऊ, मुलांचा मामू, पुण्याला कॉम्प्युटरच्याच कामात आहे. त्याला फोन करून सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, दुकानदार म्हणतो गेमचाच दोष आहे. तो म्हणाला, ‘आपा, तुझ्या पतसंस्थेत संध्याकाळी पैसे कमी भरले तर तू आधी कॅशियरला हाकलतेस की आधी रोजकीर्द बघतेस?’

हा प्रश्न त्याने मला माझ्याच भाषेत विचारला आणि मग पुढचं सोपं झालं. मेमरी म्हणजे रॅम, आणि रॅम म्हणजे आजची हातातली रोकड. ८ आहे म्हणजे ८च आहे. ती कुणी कुणी उचलली ते बघायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो, तीच रोजकीर्द. त्यात ‘मेमरी’ या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त घेणारा वर येतो. ‘गेम लावायच्या आधी एकदा बघ,’ मामू म्हणाला, ‘आणि गेम लावल्यावर पुन्हा. दोन्ही आकडे कागदावर लिही. आकडे लिहिल्याशिवाय काही काढू नकोस, काही घालू नकोस.’

मी वही काढली. धाकटा शेजारी स्टुलावर. गेम अजून लावलेला नाही, आणि ८ पैकी ४.३ जीबी आधीच खर्ची पडलेले!

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.

कोण होतं यात? थोरलीचा ब्राउझर, १.७. तिने तेवीस टॅब उघडे ठेवले होते. ‘लागतात गं मला’ असं तिचं म्हणणं. बाकी काही विंडोजचं स्वतःचं, काही व्हायरसपासून राखण करणाऱ्याचं. आणि उरलेल्यात बरंच काही माझं. लॉकडाउनमध्ये पतसंस्थेच्या मीटिंगसाठी घेतलेलं एक ॲप, जे त्यानंतर मी एकदाही उघडलं नव्हतं, ते रोज सकाळी मशीनबरोबर उठून मागे बसत होतं. माझ्या हिशेबाच्या प्रोग्रॅमचं एक पिल्लू, विकून टाकलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर, दोन निरोपाची ॲपं. गेमला चोर ठरवून मी मोकळी झाले होते आणि तिजोरीत माझाही हात होता. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ नावाचा भाग आहे, तिथे यातल्या प्रत्येकाला ‘डिसेबल’ करता येतं. प्रोग्रॅम राहतो, फक्त न बोलावता येत नाही. राखण करणाऱ्याला आणि ज्याचं नाव कळत नाही त्याला हात लावायचा नाही, असं मामूने बजावलं होतं.

मग गेम लावला. यादीत त्याचं नाव शोधत बसले तर सापडेना. हा गेम जावा नावाच्या भाषेत लिहिलेला, त्यामुळे तो यादीत ‘ओपन-जेडीके प्लॅटफॉर्म बायनरी’ अशा अगम्य नावाने दिसतो. त्याचा आकडा चढत होता. चार, पाच, सहा, सहाच्या वर. वरची पट्टी ९७ टक्के. आणि ‘परफॉर्मन्स’च्या पानावर एक आकडा मला खटकला: ‘कमिटेड’ ११.७.

‘हे कसं? आहेत आठ आणि हे पावणेबारा कुठून?’ मी फोनवर विचारलं.

‘मंजूर केलेलं कर्ज,’ मामू म्हणाला. ‘विंडोजने सगळ्यांना मिळून एवढं द्यायचा शब्द दिलाय. रोकड आठच आहे. मग उरलेलं ते हार्ड डिस्कवर लिहून ठेवतं, आणि कुणी मागितलं की तिथून उचलून आणतं. पेज फाइल म्हणतात तिला. तुझा तो लाल दिवा आणि कुरकुर म्हणजे तीच धावपळ. रॅमच्या मानाने फिरणारी डिस्क म्हणजे बैलगाडी गं.’

आता मुख्य प्रश्न. गेम सहाच्या वर का गेला? मामूने धाकट्याला फोनवर घ्यायला सांगितलं. दोघं काहीतरी बोलले. धाकट्याचे कान लाल झाले. फोन ठेवल्यावर त्याने मला गेमच्या लाँचरमधली एक ओळ दाखवली, इन्स्टॉलेशन्स, एडिट, मोअर ऑप्शन्स अशा तीन दारांमागे दडलेली. त्यात इंग्रजीत एक्स-एम-एक्स आणि पुढे ६ जी असं लिहिलं होतं. या गेमने जास्तीत जास्त किती मेमरी वापरायची याची ती मर्यादा. मुळात तिथे २ होते. एका व्हिडिओत सांगितलं म्हणून त्याने ते ६ केले होते.

‘अडकत होता ना, अम्मी. मला वाटलं जास्त दिली की नीट चालेल.’

हे त्याने दोन महिने लपवलं नव्हतं; कुणी विचारलंच नव्हतं. आणि मला खरोखर सांगायचं आहे की त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. कमी पडतंय तर वाढवा, यात चूक काय दिसते? पण आठातले सहा एकाला मंजूर केले, आणि शिल्लक होती ३.७. शिवाय ही मर्यादा गेमच्या आतल्या कोठाराची असते. कोठाराबाहेर त्याला आणखी लागतं ते वेगळंच. वर आमच्या मशीनला ग्राफिक कार्ड नाही, म्हणजे चित्रं काढणारा भागही स्वतःची मेमरी नसल्याने याच आठातून उचलतो. घराघरात हेच होत असणार. मशीनमध्ये नसलेलं आपण कागदावर वाढवून देतो आणि मग मशीन नालायक म्हणतो.

मामूने आणखी एक गोष्ट समजावली, ती मला फार आवडली. जावा आपला कचरा ताबडतोब काढत नाही. वापरून झालेल्या वस्तू पडू देते, जागा भरत आली की एकदम झाडू मारते. कोठार मोठं दिलं की कचरा साठू देण्याची मुभाही मोठी. छोट्या खोलीत रोज केर काढावा लागतो, मोठ्या वाड्यात महिनाभर कुणाला दिसत नाही. त्यात कोठाराचा अर्धा भाग डिस्कवर गेलेला असला तर झाडू मारायलाही बैलगाडीने जावं लागतं. गेम अधूनमधून गोठायचा तो तेव्हा.

आम्ही ६ चे ३ केले. लगेच सुटलं असं मात्र झालं नाही. गेम अर्ध्या तासात मेमरी संपल्याचं सांगून बाहेर पडला. म्हणजे धाकट्याची मूळ तक्रार खरी होती, त्याला खरंच जास्त लागत होतं. मग आमची चौकशी दुसऱ्या बाजूने सुरू झाली: एवढं लागतंय कशाला?

एक कारण होतं दूरवर बघण्याची हौस. या गेममध्ये जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या तुकड्यांत मांडलेलं असतं आणि किती तुकडे लांबवर दिसावेत हे आपण ठरवतो. धाकट्याने २४ ठेवले होते. त्याला पडवीतून पलीकडचा डोंगर दिसायला हवा होता. चोवीस हा आकडा गरीब दिसतो. पण चारही दिशांना चोवीस म्हणजे एका बाजूला ४९ तुकडे, आणि ४९ गुणिले ४९ म्हणजे २४०१. तेच १० ठेवलं तर २१ गुणिले २१, म्हणजे ४४१. हा गुणाकार मी त्याला वहीत करायला लावला. गणितात नेहमी कुरकुर करणारा मुलगा, १२ ला किती, १४ ला किती, असं स्वतःहून पानभर करत बसला. शेवटी १० वर तडजोड झाली. डोंगर गेला.

दुसरं कारण कौलं. गेममधल्या ठोकळ्याच्या प्रत्येक बाजूवर जे चित्र असतं ते मुळात १६ बाय १६ ठिपक्यांचं. कौलं खरी दिसावीत म्हणून त्याने १२८ बाय १२८ चा चित्रसंच घातला होता. आठपट? नाही. आडवे आठपट आणि उभे आठपट, म्हणजे ६४ पट ठिपके, प्रत्येक चित्राला. तो काढून ३२ चा घातला, चौपटीचा. कौलं जराशी जाडीभरडी दिसू लागली. त्याचं तोंड उतरलं. मी म्हटलं, ‘आपली कौलं तरी कुठे गुळगुळीत होती? शेवाळंच असायचं.’

एवढं झाल्यावर गेम तासभर चालला. तासाभरानंतर पुन्हा जड.

मामू म्हणाला, आता एफ-३ दाब. ते बटण दाबलं की पडद्यावर आकड्यांचा पाऊस पडतो. उजवीकडे वर ‘मेम’ म्हणून टक्के दिसतात. मी बघत बसले. ५०, ६०, ७५, ८५, आणि धप्पकन ४१. पुन्हा चढाई. मी घाबरून सांगितलं, हे गळतंय. तो म्हणाला, ‘नाही आपा. चढणं म्हणजे केर साठणं, पडणं म्हणजे झाडू. ते रोजचं आहे. तू वरचा आकडा बघू नकोस, पडल्यावर कुठे येऊन थांबतो तो लिही.’

मी लिहिलं. ४१. नंतर ४७. नंतर ५५. तासाभराने ७८. झाडू मारूनही खाली राहणारं वाढत होतं, म्हणजे काहीतरी असं होतं जे वापरून झालं तरी कुणी सोडत नव्हतं. गळती म्हणतात ती ही.

धाकट्याने गेमला चौदा मॉड जोडले होते, म्हणजे बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या जोडण्या. त्यातला कोण? एकेक काढून बघायचं तर चौदा संध्याकाळी. मामूने निम्मे करायला शिकवलं: सात काढा, तासभर खेळा, तळाचा आकडा बघा. वाढला तर दोषी राहिलेल्या सातांत, नाही वाढला तर काढलेल्या सातांत. मग त्यातले निम्मे. पण मॉड काढला की त्याने दिलेल्या वस्तूही जगातून जाऊ शकतात, म्हणून आधी ‘सेव्ह्ज’ नावाचं फोल्डर, ज्यात ते घर राहतं, पेनड्राइव्हवर उतरवलं आणि सगळे प्रयोग घराच्या नकलेवर केले. तो पेनड्राइव्ह धाकट्याने माझ्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवायला दिला.

चार संध्याकाळी लागल्या. मगरिब ते इशा एवढाच वेळ, हा घरचा नियम मी मोडला नाही. तो खेळायचा, मी दर दहा मिनिटांनी आकडा लिहायची. खेळणं म्हणजे तरी काय, तो मला घर दाखवत फिरायचा. इथे दादीचा झोपाळा होता ना? इथे अब्बा गाडी लावायचे ना? थोरलीही येऊन मागे उभी राहू लागली आणि एका संध्याकाळी, कुणी न सांगता, स्वतःचे टॅब बंद करून गेली. चौथ्या दिवशी एक मॉड हाती लागला, कोपऱ्यात छोटा नकाशा दाखवणारा. तो काढल्यावर तळाचे आकडे ४०, ४२, ४१. वहीत मी त्याखाली दोन रेघा मारल्या, ताळेबंद जुळल्यावर मारतो तशा.

आता गेम लावायच्या आधी २.६ जीबी वापरात असतात, गेम सुरू असताना साडेसहाच्या आसपास. दिवा लुकलुकतो. थोरलीची फाइल उघडी असली तर गेम लावायचा नाही, हे मात्र धाकट्याकडून वहीतच लिहून सही घेतली आहे. नवीन मशीन लांबणीवर टाकलं. मामूच्या मते कधीतरी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घ्यावी आणि रॅमची आणखी एक पट्टी टाकावी, पुढे बघू.

आणि एक काम माझ्याकडे राहिलं होतं. त्या पहिल्या संध्याकाळी मी त्याला ‘तुझ्या या भिकार खेळापायी’ असं म्हणाले होते, आणखीही काही. तळाचे आकडे स्थिर झाले त्या रात्री मी त्याला म्हटलं, ‘बेटा, त्या दिवशी मी न बघता बोलले.’ तो म्हणाला, ‘हो.’ एवढंच. मग थोड्या वेळाने, ‘पण आपाची पानं माझ्यामुळेच गेली.’

शुक्रवारी मुलांच्या अब्बांना सुट्टी असते. जुमा झाल्यावर त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. या वेळी धाकट्याने फोन पडद्यासमोर धरला आणि त्यांना नदीकडून घरापर्यंत चालवत नेलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाले, ‘पायऱ्या चार होत्या.’

‘तीनच होत्या, अब्बा. मी मोजायचो.’

‘तू तीन पाहिल्यास. खालची एक तुझ्या जन्माआधीच गाळात गेली होती. मी लहान असताना चार होत्या.’

सासूबाई पलंगावर बसून ऐकत होत्या. त्यांना उठवून, चष्मा लावून खुर्चीवर बसवलं. त्यांनी ठोकळ्यांकडे डोळे बारीक करून पाहिलं. पडवी ओळखली. विहीर ओळखली. मग धाकट्याने त्यांना आत, स्वयंपाकघरात नेलं.

‘चुलीवरची खिडकी कुठाय?’ त्या म्हणाल्या. ‘धूर कुठून जाणार?’

धाकट्याने भिंतीतला एक ठोकळा फोडला. बाहेरचं चौकोनी आभाळ दिसलं. खाली चुलीच्या जागी त्याने शेकोटी मांडली, तशी ती गेममध्ये मिळते, तिला खरोखरचा धूर येतो. धूर त्या भोकातून वर जाऊ लागला. सासूबाईंनी मान हलवली.

‘अम्मी,’ तो मागे वळून म्हणाला, ‘धुराला किती मेमरी लागते गं?’

मी वही घेऊन आले.